चटईची उजवी कड

मोतुहिफो, हाआपाई, टोंगा
९ फेब्रुवारी १९९८

वीका,

तुम्हा सगळ्यांवर देवाची कृपा असो. हे पत्र मानासे रविवारच्या जेवणानंतर घरभर ऐकू जाईल असं वाचणार, म्हणून आधी त्याला सांगते. बाबा, तुझी बहीण ठणठणीत आहे, छपराला नवा पत्रा बसला, डुकरीण व्याली. आता पुढचं नीट वाच, गाळू नकोस.

सेइनीच्या लग्नाची किए, मानाची बारीक विणीची चटई, मी विणायला घेतली. केवड्याची पानं उकडून, समुद्रात भिजवून, उन्हात पांढरी करून झाली. पात्या इतक्या बारीक चिरल्यात की एका नखावर पाच मावतात. भाचीच्या लग्नात आत्या ही फाहू, म्हणून सगळ्यांच्या वरच्या जागी मी बसणार, तेव्हा चटईही माझ्याच हातची हवी. वीका, मदतीला येते असं चुकूनही म्हणू नकोस. तू नवी नवरी असताना विणलेली चटई अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात आणि त्याही नाखूष असतात.

आता काम. माझ्या गळ्याच्या गोळ्या संपल्या. दोन वर्षांपूर्वी गळा सुजला, थायरॉइड म्हणे, तेव्हा छाती धडधडायची आणि हात असे थरथरायचे की पाती बोटांत ठरत नव्हती. राजधानीच्या डॉक्टरनं ह्या गोळ्या दिल्या आणि हात पुन्हा माझे झाले. आता इथला आरोग्य अधिकारी म्हणजे आपला विलिसोनी. चुलतभाऊ झाला म्हणून काय, नियमाला घट्ट! म्हणतो, "ताई, आधी राजधानीला जाऊन रक्त तपासून या, मगच पुढच्या गोळ्या." जायला दोन दिवस, आणि यायला बोट मिळेल तेव्हा. तोवर किए कोण विणणार, त्याची बोट?

सिडनीत गोळ्यांना काय तोटा? बाटलीवरचं नाव कापून सोबत ठेवलंय. पाठव. विलिसोनीला कळायचं कारण नाही.

लुसेआने

*

कॅम्पबेलटाउन, सिडनी
१ मार्च १९९८

वन्सं,

वीकाचा नमस्कार. पत्र वाचलं. कोंबड्यांपाशी आल्यावर तुमचे बंधू इतके हसले की सेइनीला त्यांच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. हसा म्हणावं. मी नर्सिंग होमच्या लॉन्ड्रीत रोज दोनशे चादरींच्या घड्या घालते, त्या कुणाला वाकड्या दिसत नाहीत.

तुमचं काम झालंय. आमच्या चर्चच्या गायनमंडळातल्या फूसीला ह्याच गोळ्या होत्या. तिच्या डॉक्टरनं औषध बदललं आणि भरलेल्या दोन बाटल्या कपाटात पडून राहिल्या. अळूची पानं आणि नारळाचं दूध घातलेलं मोठं पातेलं मी तिच्या घरी पोचवलं, तिनं बाटल्या दिल्या. दूध-पावडरीच्या डब्यात तळाशी घातल्यात, वर पावडर. तुम्ही काही मागावं आणि मी नाही म्हणावं, असं तेवीस वर्षांत घडलेलं नाही. आता का घडेल?

लग्न २१ नोव्हेंबरला. हॉल ठरला, चारशे माणूस. तुमची खुर्ची व्यासपीठाच्या मधोमध. व्हिसाचं मानासे बघताहेत. नाताळला पाठवलेल्या चपला आवडल्या का? तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत.

तुमची वीका

*

मोतुहिफो
३० मार्च १९९८

वीका,

वादळामुळे बोट तीन आठवडे आली नाही. डबा परवा मिळाला. विलिसोनीनंच खांद्यावरून घरी आणून दिला, बिचारा. आत काय आहे हे त्याला माहीत नाही.

चपलांबद्दल विचारलंस म्हणून सांगते. त्या पायात राहत नाहीत. गेल्या रविवारी चर्चमधून घरी आले तर उजव्या पायात चप्पलच नव्हती. विलिसोनीच्या बायकोला, लुपेला, ती वाटेत सापडली. सिडनीत माप घ्यायची पट्टी मिळत नाही का? की माझ्या पायाचं माप तू गाईच्या खुरावरून घेतलंस?

किए दोन हात झाली. डावी कड अशी सरळ आहे की पास्टरबाई म्हणाल्या, चर्चच्या भिंतीला लावून बघा. उजवी कड जरा मागे आहे. होईल.

लुसेआने

*

कॅम्पबेलटाउन
२६ एप्रिल १९९८

वन्सं,

गाईच्या खुराचं वाक्य मानासेंनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी भांडी घासायला उठून गेले.

खरं सांगते, वाईट वाटलं. ते माप मी डोक्यात जपून ठेवलं होतं. माझ्या बाळंतपणात तुम्ही आलात तेव्हा तुमच्या चपला रोज दारात सरळ करून ठेवायचं काम माझंच होतं. असो. ह्या वेळी मागून पट्टा असलेल्या पाठवतेय. आता पायातून पडल्या तर पायच मोठा झाला म्हणायचं.

गोळ्यांची आणखी एक बाटली मिळाली, फूसीच्या ओळखीतल्या एका म्हातारीकडून. तीही डब्यात आहे.

एक विचारू? तुमचं अक्षर असं कधी नव्हतं. तुमच्या ओळी म्हणजे तुमची वीण. ह्या वेळी त्या उताराला लागल्यात. लग्न सिडनीत ठेवलं, तुम्हाला आधी विचारलं नाही, म्हणून राग आहे का? असेल तर सरळ बोला. मला टोमणे सोसतात, अबोला नाही सोसत.

वीका

*

मोतुहिफो
८ जून १९९८

वीका,

चपला मिळाल्या. गोळ्या मिळाल्या. राग नाही.

लग्नाला मी येणार नाही. बोट, विमान, एवढं आता होत नाही. व्हिसा थांबव.

किए आहे तशी पाठवते. जुलैत पास्टरबाई लेकीकडे सिडनीला यायच्या आहेत, त्यांच्याबरोबर. उरलेली तिकडच्या बायकांनी पुरी करावी. गुंडाळी तू स्वतः, एकटीनं सोड. ओल लागली असेल तर लगेच कळायला हवं.

ह्यावर प्रश्न नकोत.

लुसेआने

*

(किएच्या गुंडाळीत, सगळ्यात आतल्या वळीत ठेवलेला कागद)

वीका,

हा कागद मानासेसमोर वाचायचा नाही. मेलीस तरी नाही. डाव्या हातानं लिहितेय म्हणून अक्षर असं. उजव्याला चमचासुद्धा धरता येत नाही. मनगट खाली लोंबतं, कोंबडीची मान पिरगाळल्यावर लोंबते तसं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझी मूठ आता मिटतही नाही.

आधी पाय गेला. चपलांना मी नावं ठेवली, तुझ्या चपला चांगल्या होत्या. ती पायातून निसटली हेच मला कळलं नाही. घोट्याखाली कधी काहीच नाही, कधी कुणी निखाऱ्यावर धरल्यासारखी आग. मे महिन्यात चुलीपुढे बसले होते, कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कळलं की पाय विस्तवाला लागलाय. त्या दिवशी मी खूप रडले.

आणि डाग आहेत. जांभळे, मसुराएवढे, हाताला लागतात. पोटऱ्यांवर आधी आले, मग वर. किती वर ते तू समज.

तुझ्या नवऱ्याला हे कसं लिहू? आणि इथला आरोग्य अधिकारी कोण? विलिसोनी. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे ना? माझ्या नशिबी भाऊ डॉक्टर. तो बारा वर्षांचा झाला तेव्हापासून आम्ही एका छपराखाली झोपलेलो नाही. मी ओढ्यावर असले तर तो लांबून वळसा घालून जातो. त्याच्यापुढे मी मांडी उघडी टाकू?

हात गेला तर मी कोण, वीका? नवरा गेला, मूल झालं नाही, पण वीण होती. म्हणून आणखी गोळ्या पाठव. गोळ्यांनीच एकदा हात परत दिले होते. हल्ली एकाऐवजी दोन घेते.

ल.

*

कॅम्पबेलटाउन
२ ऑगस्ट १९९८

वन्सं,

परवा मी रेडिओ-टेलिफोन केला. माहीत आहे, तो विलिसोनींच्या दवाखान्याच्या ओसरीवर आहे आणि अर्धं गाव तिथे कान लावून बसतं. तरी केला. मी म्हटलं, "गोळ्या बंद करा." तुम्ही म्हणालात, "इथे पाऊस चांगला आहे, वीका, पैसे वाया घालवू नकोस." आणि ठेवून दिलात. ऐकलंत ना मी काय म्हटलं ते? आता कारण ऐका.

किए माझ्या खोलीत एकटीनं उघडली. डावी कड बघून मान आपोआप खाली गेली. उजवीकडे हात फिरवला तर पात्या सैल, एकीवर एक चढलेल्या, कुठे बोटभर भोकं. कागद वाचायच्या आधीच मला कळलं की ही वीण रागानं बिघडलेली नाही. चार महिने मी स्वतःशीच रुसून बसले होते. लाज वाटली मला माझी.

दुसऱ्या दिवशी नर्सिंग होममधल्या सिस्टर मॉरीनला सगळं सांगितलं. नाव नाही सांगितलं. चाळीस वर्षं नर्स आहे ती. पाय, हात, डाग, एवढं ऐकून तिनं एकच विचारलं, "औषध कसलं चालू आहे?" मी बाटलीवरचं नाव दाखवलं. तिनं जाड पुस्तक काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

वन्सं, ह्या गोळीनं क्वचित कुणाच्या रक्ताच्या बारीक नळ्या सुजतात. दोन-दोन वर्षं काही होत नाही आणि मग होतं. कातडीतल्या नळ्या सुजल्या की जांभळे डाग. नसांना रक्त पोचवणाऱ्या सुजल्या की नस उपाशी मरते, मग पाऊल लोंबतं, मनगट लोंबतं. पुढे हे मूत्रपिंडालाही धरतं. सिस्टर म्हणाली, "मी डॉक्टर नाही आणि मी तिला बघितलेलं नाही. पण गोळी आज थांबव, आणि डॉक्टरनं तिला ह्याच आठवड्यात बघायला हवं."

गोळ्या मी पाठवल्या. ह्याच हातांनी, दूध-पावडरीत लपवून. माझ्या तोंडात घास जात नाही.

विलिसोनींना पाय दाखवा. त्यांच्या चिठ्ठीवर राजधानीला जा. मी पाया पडते.

वीका

*

मोतुहिफो
१७ ऑगस्ट १९९८

वीका,

गोळ्या बंद केल्या. तू रेडिओवर अशी किंचाळलीस की नाही करून सांगते कुणाला? गावाला वाटतं मी अफूबिफू खाते.

पण पाय दाखवणार नाही. राजधानीला न्यायचं तर विलिसोनी कारण लिहिणार, कारण लिहायचं तर बघणार. मी त्याची ताई आहे. माझ्यासमोर तो मोठ्यानं शिंकत नाही. ते मोडलं तर मग उरलं काय आमच्यात? उद्या वाटेत भेटला तर दोघांनी कुठे बघायचं?

डाग थोडे फिके आहेत. आणखी एक गोष्ट आहे, पण ती तुलाही लिहिणार नाही. पाण्याच्या जागी चहासारखं जातं, एवढंच समज.

आणि गोळ्या तू पाठवल्यास म्हणून रडू नकोस. मागितल्या कुणी?

लुसेआने

*

कॅम्पबेलटाउन
२७ ऑगस्ट १९९८

वन्सं,

तेवीस वर्षं मी तुमच्यापुढे वर मान केली नाही. माझ्या पोरीचं नाव तुम्ही ठेवलंत, तिचे केस पहिल्यांदा तुम्ही कापलेत, माझ्या घरातलं जे मागितलंत ते उचलून दिलं. आज मी तुम्हाला हुकूम सोडतेय. राग आला तर येऊ दे, राग यायला माणूस जिवंत लागतं.

चहासारखं म्हणजे मूत्रपिंडातून रक्त. सिस्टर मॉरीनला विचारलं, तिचा चेहरा उतरला.

विलिसोनींनी बघायलाच हवं असं कोण म्हणतं? त्यांना कळलं म्हणजे झालं. त्यांना बाहेर बसवा, पाठ करून. आत लुपे बघेल. आणि तिनं त्यांना तोंडानंही सांगायला नको, कागदावर काढून द्यावं. कागद म्हणजे काही ताईचा पाय नव्हे. एवढं झाकून जर तुमचा मान राहत नसेल, तर तो मान आपल्याला नको.

शनिवारी, ५ सप्टेंबरला सकाळी दहा वाजता मी दवाखान्याच्या रेडिओवर असेन. तोवर हे झालेलं नसलं तर मी मानासेंना सगळं सांगेन. डाग कुठपर्यंत आहेत तेही. मग ते आयुष्यात तुमच्या तोंडाकडे बघू शकणार नाहीत, माहीत आहे मला. तरी सांगेन. बिनतोंडाची बहीण चालेल त्यांना, मेलेली नाही चालणार.

वीका

*

राजधानीतलं हॉस्पिटल
३० सप्टेंबर १९९८

वीका,

मी सांगतेय, लुपे लिहितेय. तिच्या पदरचं काही घालायचं नाही असं बजावलंय.

तुझं पत्र मी लुपेला दाखवलं, आणि शनिवारी सकाळी आठला विलिसोनी माझ्या पायरीवर बसला. पाठ दाराकडे, तोंड समुद्राकडे. लुपेनं आत माझे पाय बघितले, मुकाट रडली आणि मग वहीच्या पानावर काढले. लुपेची चित्रकला म्हणजे काय सांगू, दोन सुरण. (मी हे लिहिणार नव्हते, ताईंनी लिहायला लावलं. लुपे.) त्यांच्यावर जांभळ्या पेन्सिलीनं ठिपके दिले, जिथे होते तिथे, वरपर्यंत. कागद खिडकीतून बाहेर दिला.

 मग विलिसोनी म्हणाला, "लुपे, कागदाला विचार, ठिपके दाबले तर जातात का?"

लुपेनं दाबून बघितलं. "नाही जात."

"कागदाला विचार, पाऊल वर उचलतं का?"

"उजवं नाही. डावं थोडं."

"कागदाला विचार..." तिथे तो तीनदा खाकरला. "लाल... म्हणजे पाणी... जाताना..."

लुपे माझ्याकडे बघायला लागली. म्हटलं किती वेळ छळायचं पोराला. मीच आतून ओरडले, "कागद हो म्हणतोय, विलिसोनी!"

मग लुपेनं उरलेल्या गोळ्यांची बाटली बाहेर दिली. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती, ती हलत होती. मग म्हणाला, "ताई, गोळ्या तर मी जानेवारीतच थांबवल्या होत्या." तो मला कधी ओरडणार नाही. पण त्या एका वाक्यानं मी जमिनीत गेले. त्याला तेव्हा कळलं, त्याच्याच खांद्यावरून आलेल्या डब्यांत काय होतं ते.

दहा वाजता तू रेडिओवर आलीस तेव्हा आम्ही मासेमारीच्या बोटीत चढत होतो. सबंध दोन दिवस तो बोटीच्या पुढच्या टोकावर बसून होता, माझ्याकडे पाठ करून. पाणीसुद्धा लुपेच्या हाती पाठवायचा. मला उलटी झाली तेव्हा मात्र त्यानं मागे न बघता आपली ताओवाला कमरेची सोडून माझ्याकडे टाकली. कमरेची चटई अशी फेकायची नसते, वीका. त्यानं फेकली.

डॉक्टर म्हणाले सिस्टर मॉरीनचं खरं आहे. रक्त न्यूझीलंडला पाठवून खात्री केली. सूज उतरवायची औषधं चालू आहेत, तोंड भोपळ्याएवढं झालंय. मूत्रपिंड वाचलं, थोडक्यात. आणखी महिना गेला असता तर नसतं, असं म्हणाले. गळ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी. नस महिन्याला बोटाच्या पेराएवढी वाढते, वाढली तर. पायाचं बघू म्हणतात. उजव्या हाताबद्दल विचारलं तर डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. आजकाल सगळे पुरुष माझ्याशी पाठ करून बोलतात.

सेइनीचं लग्न थाटात करा.

लुसेआने, लुपेच्या हातानं

*

कॅम्पबेलटाउन
२९ नोव्हेंबर १९९८

वन्सं,

लग्न झालं. पावसानं गाठलं नाही, डुकरं पुरली, नवरा मुलगा भाषणात दोनदा चुकला. सेइनी सुंदर दिसत होती.

विलिसोनींनी मानासेंना एवढंच कळवलं होतं की ताईंचं रक्त बिघडलंय. कुठे दुखतंय हे त्यांनी मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण सकाळच्या प्रार्थनेत ते हल्ली तुमच्या नावापुढे फक्त "तिचे हात" म्हणतात आणि गप्प होतात. मला वाटतं त्यांना सगळं ठाऊक आहे.

तुमच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवायला ते तयार झाले नाहीत. खुर्ची मधोमध रिकामी, तिच्यावर तुमची किए. तुम्ही म्हणाला होतात की इथल्या बायकांनी पुरी करावी. मी कुणाला हात लावू दिला नाही. होती तशी अंथरली.

बायकांनी ती बघितलीच. फूसीची आई, तुम्हाला माहीत आहे तिची जीभ, वाकून कडेवरून बोट फिरवत मोठ्यानं म्हणाली, "अगंबाई, डावी कड काय सुंदर! आणि ही उजवी कुणी बिघडवली?" हॉलमधली आमच्या बाजूची सगळी टेबलं ऐकत होती. मानासेंची मान खाली.

मी म्हटलं, "मी."

सगळ्या हसल्या. "वाटलंच! कोंबड्यांवाली वीका!" ती गोष्ट इथेही सगळ्यांना माहीत आहे, तुमच्या भावाच्या कृपेनं. मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या पोत्याला टेकून बसले. कारण मी खोटं बोलले नव्हते, वन्सं. ती कड मीच बिघडवली. लग्नानंतर फूसीला विचारलं, तुझ्या डॉक्टरनं औषध का बदललं होतं? ती म्हणाली, अंगावर पुरळ यायचं. एवढंच. फेब्रुवारीत हा एक प्रश्न मला सुचला नाही. तुम्ही मागितलं आणि मी दिलं, ह्याचाच मला अभिमान होता.

मला क्षमा करा असं म्हणायलाही तोंड नाही. तरी म्हणते.

वीका

*

मोतुहिफो
१५ जानेवारी १९९९

वीका,

हे माझ्याच डाव्या हाताचं आहे. चार दिवस लिहितेय. मानासेला वाचू दे, मोठ्यानं. झाकून ठेवायचा मला कंटाळा आला.

क्षमा तुझ्याकडे कसली मागतेस? मार्चमध्ये बोट तीन आठवडे आली नव्हती, आठवतं? गोळ्या त्याआधीच संपल्या होत्या. तेवढ्या दिवसांत डाग फिके पडले. डबा आला, गोळी घेतली, डाग परत आले. मला दिसत होतं, वीका. मी डोळ्यांनी अधू नाही आणि डोक्यानंही नाही. पण गोळी सोडली तर हात थरथरणार, किए अडणार. आणि विचारायचं तर विलिसोनीला विचारावं लागणार. म्हणून मी बघितलंच नाही असं ठरवलं आणि वर तुझ्याकडे आणखी मागितल्या. हात राखायला हात घालवला. ह्यात तू नुसती पोस्टमन.

तेव्हा चारशे माणसांत "मी" म्हणायचा तुला अधिकार नव्हता. ती कड माझी आहे. बिघडलेली असली तरी माझी.

उजवा हात तसाच आहे. करंगळी हलते, बाकीची चार बोटं ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, यापुढे फार आशा धरू नका. रडून झालं. विलिसोनी रोज सकाळी कुंपणाबाहेर उभा राहून समुद्राला विचारतो, "आज कागद कसा आहे?" मी आतून सांगते.

एक काम आहे. ती उजवी कड जिथपर्यंत सैल आहे तिथपर्यंत उसव. नोव्हेंबरमध्ये तुझी रजा असते तेव्हा किए घेऊन ये. डावीकडे मी बसेन, उजवीकडे तू. पात्या चिरून ठेवते, डाव्या हातानं तेवढं जमतं. चुकलीस की उसवायला लावीन, दहादा लावीन, तोंड माझं अजून शाबूत आहे. कोंबड्यांना मी काही सांगितलेलं नाही.

आणि मागच्या पट्ट्याच्या चपला परत पाठवल्यात, त्या सेइनीला दे. मी पहिल्याच घालते, नाताळच्या. काल ओल्या वाळूत उजव्या पायातली निसटली. मला लगेच कळलं. मागे वळून मीच ती उचलली.

लुसेआने